‘कॉकशट’ : एका शिकारपद्धतीची शब्दसाक्ष

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात ‘कॉकशट’ नावाचे गाव आहे. या नावात ‘कोंबडा’ व ‘बंद’ हे अर्थ सहज दिसतात. परंतु ही व्युत्पत्ती फसवी होय. येथील ‘कॉक’ म्हणजे वुडकॉक. हा लांब चोचीचा वनपक्षी थंडीच्या तोंडावर उत्तर युरोपातून मोठ्या संख्येने तेथे येतो, दिवसा झाडीत दडतो आणि सांजवेळी चरण्यासाठी बाहेर झेपावतो. ‘शट’ हा अंश त्या झेपेचा वाचक आहे. मिटण्याशी त्याचा संबंध नाही. रानातील मोकळ्या पट्ट्यावर तिन्हीसांजेस जाळे टांगीत व उडते पक्षी त्यात सापडत. त्या जागेसच हे नाव पडले. ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात शेक्सपिअरने हाच शब्द सांजवेळेसाठी योजिला आहे.

पुढे बंदूक आली आणि ही शिकार जमीनदारांचा षौक बनली. बंदुकीचा इतिहास त्यांच्या शिकारवह्यांत नोंदला गेला. जाळे लावणाऱ्यांनी वह्या ठेविल्या नाहीत. त्यांच्या कसबाची साक्ष स्थलनामेच देतात. म्हणून केवळ आजच्या उच्चारावरून स्थलनामाचा अर्थ लावणे म्हणजे इतिहासाचे एक साधन हातचे घालविणे होय.