नाताळचे जेवण, ताजचे टेबल आणि महाडची वाट

दरवर्षी २५ डिसेंबर जवळ आला की आपल्या कार्यकर्त्यांमध्ये एक वाद हमखास होतो. शिकून नोकरीला लागलेली आपली मुले-मुली मुंबईतल्या एखाद्या मोठ्या, जुन्या हॉटेलात नाताळच्या जेवणाला जातात आणि फोटो टाकतात. त्यावर कुणीतरी टोमणा मारतो, "आज मनुस्मृती दहन दिन आहे आणि तुम्ही केक खात बसलात?" मुले उलट विचारतात, "आमच्या जेवणाचा आणि मनुस्मृतीचा काय संबंध?" आम्हाला टोमणा मान्य नाही आणि हा उलट प्रश्नही मान्य नाही. संबंध आहे, अगदी थेट आहे. तो समजून घ्यायचा तर हॉटेलच्या टेबलाचा इतिहास पाहावा लागेल.

अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. म्हणजे त्याचा पहिला नाताळ अवघ्या ९ दिवसांवर होता. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतेच. ते १९२४ मध्ये खुले झाले. हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधले. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. त्याआधी मुंबईत साहेब लोकांचे नावाजलेले हॉटेल म्हणजे काळा घोड्याजवळचे वॉटसन. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणला होता. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून टाटांनी ताज बांधले, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती दंतकथा असावी, असे बरेच अभ्यासक म्हणतात. पण ती इतकी लोकप्रिय का झाली, हा खरा प्रश्न आहे. कारण त्या गोष्टीत अपमान होतो तो एका श्रीमंत माणसाचा, आणि तो स्वतःचे हॉटेल बांधून उत्तर देतो. ज्याच्याकडे बांधायला पैसा नाही, त्याच्या अपमानाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

ती आपण सांगू. १९१७ साली बाबासाहेब परदेशातले उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामान उचलून निघावे लागले. खिशात भाड्याचे पैसे होते, कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती. तरीही छप्पर मिळाले नाही. म्हणजे रंगभेदाच्या दारावर पैशाने मात करता येते असे गृहीत धरले, तरी जातीच्या दारावर तो उपाय चालत नव्हता.

जातीने सर्वांत कडक पहारा ठेवला तो जेवणावर. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मान्यवरांनी चहा घेतला. त्यात टिळक आणि रानडेही होते. ख्रिस्ती लोकांच्या घरचा एक कप चहा! तेवढ्यावरून धर्माचा निवाडा बसला आणि या मोठ्या माणसांना प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. त्यांना निदान प्रायश्चित्ताची सोय होती. अस्पृश्याला तीही नव्हती, कारण त्याचे पाप कपात नसून जन्मात होते.

दुसरी बाजूही पाहा. साहेबाच्या टेबलावर गोमांस आणि दारू असे, म्हणून त्याच्या स्वयंपाकघरात काम करायला सवर्ण सहसा तयार नसत. तिथे आपल्या लोकांना काम मिळाले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. याच कांबळ्यांनी पुढे १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले आणि महारांना लष्करात पुन्हा घ्यावे म्हणून ब्रिटिश सरकारकडे अर्ज केले. म्हणजे आपला माणूस त्या टेबलापासून लांब नव्हता. तो टेबल मांडत होता, वाढत होता, उष्टी उचलत होता. त्याला तिथे बसायचा हक्क तेवढा नव्हता.

आता २५ डिसेंबर १९२७. त्या काळी नाताळच्या सुट्टीत परिषदा भरवण्याचा प्रघात होता. मुंबईतल्या हॉटेलांत नाताळची पाने मांडली जात असतील, त्या दुपारी बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि हजारो सत्याग्रहींसोबत पायी महाडला निघाले. महाडात परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांच्या जमावाने मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला केला होता, अन्न मातीत मिसळले होते. तो हल्ला पाण्यावरून झाला आणि ताटावर येऊन पोहोचला, हे विसरू नका.

२५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यांतून जेवावे, अशी आज्ञा आहे. कुणाचे अन्न कुणी खावे आणि कुणाचे खाऊ नये, याचे नियमही त्या ग्रंथात पानोपानी आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, महाडला जळाले त्यात पंगतीचा कायदाही होता.

पुढचे पाऊल संविधानात पडले. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढून वाचा. त्याच्या पहिल्या भागात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आहेत. दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, घाट, रस्ते आहेत. चवदार तळे आणि ताजमहाल हॉटेल एकाच खंडात शेजारी बसले आहेत. संविधान सभेत 'दुकान' शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक केला: जो कुणी लोकांना सेवा देतो, तो त्यात आला. त्यानंतर १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला.

म्हणून आमच्या तरुणांनो, नाताळला मोठ्या हॉटेलात खुशाल जा. टर्की खा, प्लम पुडिंग खा, पोटभर खा. काट्या-चमच्याची भीती बाळगू नका आणि वेटरशी अरेरावी करू नका. कालचा बटलर आपलाच आजोबा असेल. हे जेवण तुम्हाला कुणाच्या उदारपणामुळे किंवा फक्त पगारामुळे मिळालेले नाही. पगार बिल भरतो. बसायचा हक्क महाडच्या वाटेने आला आहे.

आणि टोमणे मारणाऱ्या कार्यकर्त्यांनाही आमचे सांगणे आहे. आपल्या मुलांच्या ताटाकडे बघण्याऐवजी गावाकडच्या चहाच्या टपरीकडे बघा. जिथे आजही आपल्या माणसाचा कप वेगळा ठेवतात, तिथे तक्रार नोंदवायला सोबत चला. मोठ्या हॉटेलांच्या मोरीत भांडी कोण घासते, संडास कोण साफ करते, त्यांना किमान वेतन मिळते का, हेही विचारा. दर्शनी दार उघडले म्हणजे मागचे दार सुटले असे होत नाही.

येत्या २५ डिसेंबरला दुपारी जेवा आणि संध्याकाळी दहन दिनाच्या कार्यक्रमाला या. येताना सोबत जेवलेल्या मित्रमैत्रिणींनाही घेऊन या, मग ते कुठल्याही जातीधर्माचे असोत. दुपारी आपण एका टेबलावर का बसू शकलो, ते त्यांना तिथे समजेल.

जय भीम! जय संविधान!