घड्याळ कुणाचं खरं?

अंधेरीहून बोरिवली स्लो, संध्याकाळची गर्दी, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोनवर तीन मिनिटांचा ब्लिट्झ. मालाडच्या पुढे नेटवर्क अडखळायला लागलं. माझी प्रत्येक खेळी उशिरा पोचायची, पण घड्याळात थोडा वेळ परत मिळायचा. मी जिंकलो, अर्धा सेकंद शिल्लक ठेवून. समोरच्याने चॅटमध्ये टाकलं, 'चीटर, लॅग स्विच.' म्हणजे मी मुद्दाम नेट तोडून वेळ चोरला. मी उत्तर टाइप करेपर्यंत त्याने मला ब्लॉक केलेलं.

राग आला. पण हा संशय आजचा नाही, आणि अगदीच वेडा पण नाही.

१९९२ मध्ये इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला, तेव्हा खेळी सर्व्हरवर पोचेपर्यंत तुमचंच घड्याळ पळायचं. लाइन खराब असेल तर विचार न करताही हरायचात. डॅनियल स्लीटर या प्राध्यापकाने त्यावर तोडगा काढला. (डेटा स्ट्रक्चर्समधलं स्प्ले ट्री आठवतंय? ते शोधणाऱ्या दोघांपैकी हा एक. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं, सोडून द्या.) त्याच्या 'टाइमस्टँप'ची आयडिया साधी होती: विचारात किती वेळ गेला ते तुमच्याच कॉम्प्युटरने मोजायचं आणि सर्व्हरला कळवायचं. वाटेत गेलेला वेळ माफ.

गोची लक्षात आली? आता घड्याळ खेळाडूच्या घरात. त्याचं सॉफ्टवेअर म्हणालं 'पाव सेकंद लागला', तर सर्व्हरने विश्वास ठेवायचा. २००४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी इंटरनेट चेस क्लबवर पेपर लिहिला आणि हे टाइमस्टँप सहज फसवता येतं हे दाखवून दिलं. म्हणून लॅगची भरपाई देताना मर्यादा ठेवावी लागते. मर्यादा घट्ट केली की लोकलमधला प्रामाणिक माणूस मरतो, सैल केली की चोराचं फावतं. मी रोज सर्व्हरचं काम करतो, पण मलाही यावर तिसरा मार्ग सुचलेला नाही.

आता २०२०. लॉकडाऊन, आणि फिडेचं ऑनलाइन ऑलिंपियाड. भारताचा कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी. २८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचं कनेक्शन निहाल सरिनविरुद्धच्या डावात तुटलं आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. नेट सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी, असा नियम. आर्मेनियाने सामनाच सोडला, आपण पुढे गेलो.

दोन दिवसांनी, रविवारी ३० ऑगस्टला, रशियाविरुद्ध फायनल. पहिला राउंड ३-३. दुसऱ्यात निहाल आणि नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख, दोघांचं कनेक्शन गेलं, दोघं वेळेवर हरले. त्याच दिवशी सेंच्युरीलिंक या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक चुकीचा 'फ्लोस्पेक' नियम पसरला होता. त्यांचे राउटर एकमेकांशी बोलेनासे झाले आणि क्लाउडफ्लेअरवर चालणाऱ्या कितीतरी साइट जगभर अडकल्या. यावेळी अपील आपलं होतं. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं.

आपण नाचलो. मीही घाटकोपरला मित्राला फोन करून ओरडलो होतो. जागतिक आउटेज आणि एकाच घरातलं नेट जाणं यात फरक आहे, हे इंजिनिअर म्हणून मला पटतं. पण बोर्डासमोर बसलेल्या मार्तिरोस्यानला तो फरक कुठून दिसणार? त्याच्या स्क्रीनवर पण फक्त चक्र फिरत होतं आणि सेकंद उतरत होते.

त्या संघात कोनेरू हंपीही होती. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची फायनल टायब्रेकला गेली: दिव्या विरुद्ध हंपी. दोघींच्या मध्ये एकच घड्याळ, आणि खेळी झाली की ते हाताने दाबायचं. दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.