जांभ्याची भिंत आणि पावसाची झड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोकणी माणसाला विचाराल तर तो या म्हणीला आपली एक पुस्ती जोडील. तो म्हणेल, घर बांधावे खुशाल, पण ते कसे बांधले आहे हे आषाढात पाहावे. चैत्र-वैशाखात सगळीच घरे देखणी असतात. भिंती कोरड्या, रंग ताजा, अंगण सारवलेले. आर्द्रा नक्षत्र लागले म्हणजे मग कोणत्या भिंतीने ओल धरली, कोठे शेवाळ चढले, कोठे गिलाव्याला फुगा आला, हे सारे उघडे पडते. भिंतीची परीक्षा पाऊसच घेतो, आणि तिचा निकालही तोच लावतो.

राजेरजवाड्यांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास या व्यासपीठावर आपण पुष्कळ ऐकतो. आज भिंतीसारख्या मुक्या वस्तूचा इतिहास पाहावा असे आम्ही योजले आहे. विषय लहान वाटेल, पण ज्याला घर बांधायचे किंवा राखायचे आहे त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. दाट झाडीच्या, सावलीच्या, ओलसर मुलखात घराच्या अंगावर बाहेरून काय घालावे, म्हणजे ते टिकेल? या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी एक उत्तर दिले होते. ते आपण विसरत चाललो आहो, आणि त्या विसराची किंमत आज अनेक घरांना मोजावी लागत आहे.

उदाहरणासाठी फोंडाघाट हे गाव घेऊ. कणकवली तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. येथून रस्ता घाट चढून दाजीपूर-राधानगरीच्या रानातून कोल्हापूरकडे जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात, वर चढतात आणि थंड होऊन पायथ्याशी रिकामे होतात. पुण्याला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. या पट्ट्यात तो ३००० मिलिमीटरांच्याही वर जातो, आणि बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातून गावाभोवती झाडी दाट. डोंगराची सावली, झाडांची सावली आणि वर मळभ, अशी तिहेरी सावली असल्यावर भिजलेली भिंत वाळणार कधी?

येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. भिंतीचा खरा शत्रू वरून सरळ पडणारा पाऊस नव्हे. त्याला छप्पर आहे. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस, ज्याला आपण झड म्हणतो, तो भिंतीवर चाल करून येतो. आणि जमिनीतून हळूहळू वर चढणारी ओल ही दुसरी वैरीण.

या दोघांशी कोकणी माणसाने प्रथम कुडाच्या भिंतीने सामना दिला. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या उभ्या करायच्या, त्या वेलांनी बांधायच्या, वरून माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप द्यायचा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते, म्हणून तिच्या काठ्या रानात मुबलक मिळत. वर गवताचे केंबळ. अशी भिंत पाऊस लागला की झिजे. पण ती झिजणारच, हे धरूनच ती बांधलेली असे. पावसाळा सरला की घरची बाईमाणसे तिला पुन्हा लिंपून काढीत. तिचे आयुष्य काठ्यांत नव्हते, वर्षाच्या वर्षाला फिरणाऱ्या त्या हातांत होते.

ज्याला ऐपत होती त्याने चिऱ्याची भिंत घातली. चिरा म्हणजे आपल्या लाल जांभ्याचा घडलेला ठोकळा. या दगडाला शास्त्रीय जगात नाव मिळाले ते मलबारात. कंपनी सरकारचा वैद्य फ्रान्सिस बुकानन १८०० साली मद्रासहून म्हैसूर, कानडा आणि मलबार पाहायला निघाला. अंगाडिपुरम येथे त्याने पाहिले की, हा दगड खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि हवेवर पडला की कठीण होतो. तिकडचे लोक त्याला विटेचाच दगड म्हणत. लॅटिन भाषेत विटेला ‘लॅटर’ म्हणतात, त्यावरून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने ‘लॅटराइट’ हे नाव सुचविले. आपल्या पाथरवटाला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला असे विद्वानांच्या दरबारी नाव पडले.

पण जांभ्याचा स्वभाव नुसत्या नावाने कळत नाही. मूळ खडकावर हजारो-लाखो वर्षे उष्ण हवेतला पाऊस पडत राहिला. त्याने खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे ठेवली. म्हणून जांभा लाल, आणि म्हणूनच तो सच्छिद्र. त्याच्या छिद्रांत पिवळट-पांढुरकी मऊ माती भरलेली असते. उघड्या चिऱ्यावर वर्षानुवर्षे झड बसली की ही माती धुपते, छिद्रे मोठी होतात, आणि चिरा आतून पोखरला जातो. जांभा पाणी पितो तसे ते परतही देतो, पण त्याला वाळायला उसंत मिळाली तरच. जांभ्याच्या भिंतीची सगळी विद्या या एका वाक्यात आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही विद्या जुन्या घरांत कशी उतरली आहे, पाहा. आधी उंच जोते, म्हणजे जमिनीची ओल खालीच राहावी. मग छपराचा पाखा भिंतीपासून चांगला पुढे ओढलेला, म्हणजे पागोळ्या जोत्यापलीकडे पडाव्यात. घराच्या अंगाला पडवी, म्हणजे माजघराच्या भिंतीला वारा-पाऊस थेट भेटूच नये. समोर मोकळे खळे, तेथे भात वाळते आणि भिंतीवर ऊनही येते. झाड हवे, पण त्याची सावली भिंतीवर नको, असा तो हिशेब. लाकूड आत ठेवायचे, दगड बाहेर ठेवायचा, आणि दगडाच्याही पुढे गवत!

हे गवत म्हणजे झडप. झड अडवते ती झडप. मिरगाच्या आधी बांबूच्या कामट्यांवर गवत किंवा पेंढा बांधून, नारळ असतील तेथे झावळ्या विणून, पावसाच्या अंगाच्या भिंतीपुढे ती टांगायची. पाऊस संपला की काढून टाकायची. कुजली तर कुजू द्यायची, पुढच्या वर्षी नवी. किंमत जवळजवळ शून्य, आणि काम मात्र मोठे. झडप भिंतीला चिकटवलेली नसे. मधे हाताएवढी फट राही. पाणी झडपेवरून ओघळे आणि फटीतून वारा खेळे. चुकून आत आलेला ओलावा त्या वाऱ्यानेच निघून जाई.

हे काही अडाण्याचे जुगाड नव्हे. १९६३ साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील गार्डन नावाच्या तज्ज्ञाने भिंतीत पाऊस कसा शिरतो यावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा मुद्दा सोपा आहे. भिंतीवर पाणी असावे लागते, आत शिरायला वाट असावी लागते आणि पाण्याला आत ढकलणारे बळ असावे लागते. तिन्ही एकत्र आली तरच भिंत गळते. प्रत्येक फट कायमची बुजविण्याचा हट्ट व्यर्थ आहे, त्यापेक्षा बाहेर एक पावसाळी पडदा ठेवावा आणि त्यामागे हवेची पोकळी ठेवावी, हा त्या विचाराचा रोख. पुढे जगभरच्या उंच इमारतींनी हा मार्ग धरला. आमच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने गवताच्या पेंढ्यांनी तेच साधले होते.

पुढे दोन नव्या वस्तू आल्या. १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्टने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती मंगळुरी कौले सागरी मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. जुने नळे वाऱ्याने सरकत, माकडे त्यांची दाणादाण करीत. नवे छप्पर बरेच भरवशाचे झाले. ही वस्तू जुन्या विद्येशी जुळली, कारण पुढे ओढलेला उतरता पाखा तिने तसाच राखला.

दुसरी वस्तू सिमेंट. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि १९१४ साली पोरबंदरला आपल्याकडे त्याचे उत्पादन सुरू झाले. धरणे, पूल, खांब यांसाठी ते वरदान ठरले, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. चूक झाली ती ते जांभ्याच्या अंगावर चढविताना. सिमेंटचा गिलावा कडक असतो, जुनी भिंत मऊ आणि हलती. सांध्यापाशी केसाएवढी भेग पडते, झडीचे पाणी तीतून आत जाते, आणि बाहेर यायला वाट नसल्यामुळे मुक्काम करते. वर तेलकट रंग दिला तर मग विचारूच नका.

फोंडाघाटचे एक जुने घर आमच्या पाहण्यातले आहे. मालकाने मोठ्या हौसेने उत्तरेच्या, फणसाच्या सावलीतल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत रंग दिला. आता दर वर्षीची कटकट गेली, म्हणून झडप बांधणेही सोडले. चार पावसाळे गेले. गिलाव्याचे पोपडे हातात आले आणि मागचा चिरा बोटाने खरवडता येईल इतका मऊ झालेला निघाला. कडेची भिंत, जिला कोणी हात लावला नव्हता, ती मात्र शेवाळलेली पण शाबूत होती.

जांभ्याला मग गिलावाच नको काय? येथे गोव्याची साक्ष काढली पाहिजे. जुन्या गोव्यातील बॉं जेझुस मंदिराचे बांधकाम १५९४ साली सुरू होऊन १६०५ साली पुरे झाले. भिंती जांभ्याच्या, दर्शनी भागातील कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे, आणि जांभ्यावर चुन्याचा गिलावा. साडेतीनशे पावसाळे त्या चुन्याने अंगावर घेतले. पुढे १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो चुना खरवडून काढण्यात आला. लाल दगड उघडा पडला, आणि प्रवाशांना तोच मूळचा वाटू लागला. २०२० साली त्या दगडाची पावसाने होणारी धूप हा जाहीर चर्चेचा विषय झाला आणि चुना पुन्हा चढवावा अशी मागणी पुढे आली. पुष्कळांना ती रुचली नाही, कारण लाल रूपच त्यांच्या ओळखीचे झाले होते. ज्याला आपण जुने रूप समजतो ते कित्येकदा कालचेच असते, हा धडा इतिहासाच्या अभ्यासकाने येथून घ्यावा.

चुना आणि सिमेंट यांतला भेद असा. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन सावकाश दगड बनतो, भिंतीच्या हालचालीबरोबर थोडा नमतो, आणि ओल बाहेर जाऊ देतो. तो क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी लवकर धरत नाही. किनाऱ्यावर शिंपले भाजून तो करीत, घाणीत मळीत. तो दगडाआधी स्वतः झिजतो, म्हणून त्याचा हात पुन्हा द्यावा लागतो. लोक यालाच त्याचा दोष म्हणतात. आम्ही याला त्याचा धर्म म्हणतो. स्वारी आली की ढालीवर वार पडायचेच. ढाल बदलता येते.

ओल्या मुलखातले इतर लोकही याच निष्कर्षाला आले. नॉर्वेतील बोर्गुंडचे लाकडी प्रार्थनामंदिर बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. ते आठशे वर्षे उभे राहिले, ते दगडी पायावर उचलून धरलेल्या लाकडामुळे आणि त्यावर पुन्हापुन्हा दिलेल्या डांबरामुळे. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, आणि २०१३ साली ते बासष्टाव्या खेपेस बांधले गेले. कोणी लाकूड वापरो, कोणी चिरा, टिकाऊपणा एकदाच विकत घेता येतो असे यांतल्या कोणीच मानले नाही.

आता व्यवहाराचे बोलू, कारण श्रोत्यांतील कित्येकांच्या मनात या उन्हाळ्यात घराचे काम काढण्याचे असेल. जुने जांभ्याचे घर असेल तर छप्पर आणि पागोळ्यांची वाट आधी पाहावी, भिंत मागाहून. भिंतीवर वाकलेल्या फांद्या तोडाव्यात. जोत्याभोवतीची माती उतरती ठेवावी, म्हणजे पाणी घराकडे वळणार नाही. गिलावा करायचाच तर चुन्याचा करावा, तोही कोरड्या दिवसांत, रोज पाणी मारून. नवे घर असेल तर पाखा पुढे ओढण्यात काटकसर करू नये. गवताची झडप बांधायला आज माणूस मिळत नाही, हे आम्हांस मान्य आहे. कोकणात आता पुष्कळजण पावसाच्या अंगाला पत्रा लावतात. त्याला आम्ही नाके मुरडणार नाही. फक्त पत्रा भिंतीला चिकटवू नये, पट्ट्यांवर बसवून मागे फट ठेवावी, आणि ती वर-खाली मोकळी ठेवावी. वस्तू बदलली तरी विद्या तीच राहील.

आमच्या पूर्वजांना कायमची भिंत हवी होती असे नाही. त्यांना दर दिवाळीला पुन्हा उभी राहील अशी भिंत हवी होती. आम्ही कटकट नको म्हणून कायमचे काहीतरी शोधू लागलो आणि ती कटकट हीच घराची राखण होती, हे विसरलो. मिरगाला अजून थोडे दिवस आहेत. घरी गेल्यावर एकदा पावसाच्या अंगाला वळून भिंतीवर हात ठेवून पाहावा. वैशाखातही ती गार आणि ओली लागली, तर दुरुस्तीची वेळ अजून हातची गेलेली नाही.