विरुंगा गोरिला हत्याकांडाचे छायाचित्र

विरुंगा गोरिला हत्याकांडाचे छायाचित्र हे दक्षिण आफ्रिकी छायापत्रकार ब्रेंट स्टर्टन यांनी जुलै २००७ मध्ये काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातील विरुंगा राष्ट्रीय उद्यानात टिपलेले छायाचित्र आहे. ठार मारण्यात आलेल्या एका नर पर्वतीय गोरिलाचा मृतदेह वनरक्षक आणि गावकरी खांद्यावरून वाहून नेत असल्याचे दृश्य त्यात आहे. वन्यजीव संरक्षणासाठी केलेल्या छायाचित्र-पत्रकारितेचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते. या छायाचित्रामुळे आणि त्यानंतरच्या वार्तांकनामुळे गोरिलांची हत्या, जंगलतोड, सशस्त्र संघर्ष आणि स्थानिक लोकांची वाताहत हे प्रश्न परस्परांत गुंतलेले असल्याचे जगासमोर आले.

पार्श्वभूमी

विरुंगा राष्ट्रीय उद्यान काँगोच्या पूर्व सीमेवर, रवांडा आणि युगांडा या देशांना लागून आहे. बेल्जियमच्या वसाहती राजवटीत १९२५ मध्ये त्याची स्थापना झाली. ते आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान समजले जाते. युनेस्कोने १९७९ मध्ये त्याचा जागतिक वारसा स्थळांत, तर १९९४ मध्ये धोक्यातील वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. उद्यानाच्या दक्षिण भागातील ज्वालामुखींच्या उतारांवर पर्वतीय गोरिलांचा अधिवास आहे. २००७ च्या सुमारास जगात पर्वतीय गोरिलांची संख्या अंदाजे ७०० होती.

१९९४ मधील रवांडातील वंशसंहारानंतर लाखो निर्वासित या प्रदेशात आले. त्यांच्यामागोमाग सशस्त्र गटही आले आणि पुढील काँगो युद्धांमध्ये उद्यानाचे जंगल त्यांचे आश्रयस्थान बनले. गोमा शहर आणि विस्थापितांच्या छावण्या यांतील बहुतेक कुटुंबांचा स्वयंपाक लोणारी कोळशावर होत असे. हा कोळसा मुख्यतः उद्यानातील झाडे बेकायदा तोडून, मातीने झाकलेल्या भट्ट्यांत जाळून तयार केला जाई. तत्कालीन अंदाजांनुसार या व्यापारातील वार्षिक उलाढाल सुमारे ३ कोटी अमेरिकी डॉलर होती. सशस्त्र गट, सैन्यातील काही घटक आणि व्यापारी यांचे हितसंबंध त्यात गुंतले होते.

घटना

२२ जुलै २००७ च्या रात्री रुगेंदो या गोरिला-कुटुंबावर गोळीबार झाला. कुटुंबप्रमुख सेन्क्वेक्वे हा पाठीवर रुपेरी केस असलेला प्रौढ नर आणि तीन माद्या मृतावस्थेत आढळल्या. पुढील काही आठवड्यांत आणखी एका मादीचे अवशेष सापडले. मारेकऱ्यांनी मांस किंवा अवयव नेले नव्हते आणि विक्रीसाठी पिल्लेही पळवली नव्हती. त्यामुळे ही नेहमीची चोरटी शिकार नसून वनरक्षकांना दिलेला इशारा असावा, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला. गोरिला उरले नाहीत, तर जंगलाच्या त्या भागाचे रक्षण करण्याचे कारणही उरणार नाही, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

छायाचित्र

स्टर्टन यांचा जन्म १९६९ मध्ये दर्बन येथे झाला. संघर्ष, आरोग्य आणि पर्यावरण हे त्यांच्या कामाचे प्रमुख विषय राहिले आहेत. हत्याकांडाच्या वेळी ते वनरक्षकांच्या कामाचे छायाचित्रण करण्यासाठी विरुंगात होते. मृतदेह जंगलातून बाहेर काढण्याच्या कामात वनरक्षकांबरोबर आसपासचे गावकरीही सामील झाले. सेन्क्वेक्वेला लाकडी दांड्यांच्या तिरडीवर वेलींनी बांधण्यात आले होते. त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले होते आणि तो भार उचलण्यासाठी डझनभराहून अधिक माणसे लागली. हिरव्या शेतांतून चाललेली ही रांग छायाचित्रात अंत्ययात्रेसारखी दिसते.

हे छायाचित्र न्यूजवीक साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीत जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले. २००८ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत समकालीन प्रश्न या विभागातील एकल छायाचित्रांमध्ये त्याला प्रथम पारितोषिक मिळाले.

या छायाचित्रात मारेकरी, शस्त्र वा रक्तपात दिसत नाही. मृत प्राण्याइतकेच त्याला वाहून नेणारे लोकही त्यात ठळक आहेत. स्थानिक माणूस हा वन्यजीवांचा शत्रू असतो, हा वन्यजीव-छायाचित्रणात रूढ असलेला समज त्यामुळे खोडला गेला.

कारणांचा शोध

हत्या कोणी व का केली, याचे उत्तर केवळ छायाचित्रातून मिळणारे नव्हते. त्यासाठी पुढील वार्तांकन महत्त्वाचे ठरले. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुलै २००८ च्या अंकात मार्क जेनकिन्स यांचा शोधलेख स्टर्टन यांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. कोळसाभट्ट्या, पोत्यांची वाहतूक, छावण्यांतील चुली, सैनिक आणि वनरक्षक हे सर्व एकाच साखळीचे भाग असल्याचे त्यात मांडले होते. कोळशाच्या व्यापारातील आणि गोरिलांच्या हत्येतील सहभागाच्या आरोपावरून उद्यान प्रशासनातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याला मार्च २००८ मध्ये अटक झाली.

परिणाम

घटनेनंतर ऑगस्ट २००७ मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ यांचे संयुक्त पथक पाहणीसाठी विरुंगात आले. मात्र सप्टेंबरमध्ये बंडखोरांनी गोरिलांचा अधिवास असलेला भाग ताब्यात घेतला आणि वनरक्षकांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यांना २००८ च्या अखेरीस पुन्हा प्रवेश मिळाला. ऑगस्ट २००८ मध्ये इमॅन्युएल द मेरोद यांची उद्यानाच्या संचालकपदी नियुक्ती झाली.

लोणारी कोळशाची मागणी कायम असेपर्यंत जंगल वाचणार नाही, हे ध्यानात घेऊन नंतरच्या काळात उद्यानाने जलविद्युत प्रकल्प हाती घेतले. मातेबे येथील सुमारे १३ मेगावॉट क्षमतेचे केंद्र डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. परिसरातील गावांना व लहान उद्योगांना वीज पुरवणे आणि रोजगार निर्माण करणे हा त्यामागचा उद्देश आहे.

पर्वतीय गोरिलांची एकूण संख्या २०१८ पर्यंत १,००० च्या वर गेली. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यांना अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आणले. या वाढीमागे तीन देशांतील अनेक वर्षांचे संरक्षण, पशुवैद्यकीय सेवा आणि नियंत्रित पर्यटन आहे. तिचे श्रेय एका छायाचित्राला देता येत नाही.

मानवी हक्क आणि टीका

छायाचित्राला मिळालेल्या प्रतिसादावर एक मूलभूत आक्षेप घेतला गेला. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीच्या जानेवारी २००८ मधील अंदाजानुसार काँगोत १९९८ पासून संघर्ष व त्यातून उद्भवलेले रोग आणि उपासमार यांमुळे ५४ लाख अधिक मृत्यू झाले होते. या आकड्याबाबत अभ्यासकांत मतभेद असले, तरी हानी प्रचंड होती यावर दुमत नाही. मोजक्या गोरिलांच्या मृत्यूने हळहळलेले जग या माणसांविषयी तुलनेने उदासीन का राहिले, असा हा आक्षेप होता. या मताच्या टीकाकारांना अशा प्रतिमांमुळे वन्यजीवांबद्दलची सहानुभूती माणसांच्या वाट्याला येत नाही असे वाटते. याउलट, गोरिलांच्या निमित्ताने का होईना, दुर्लक्षित युद्धाकडे लक्ष वेधले गेले, असे समर्थक म्हणतात.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. वसाहतकाळात उद्यानाच्या सीमा आखताना अनेक स्थानिक शेतकऱ्यांचे जमिनीवरील हक्क गेले आणि ही तक्रार आजही जिवंत आहे. कोळसा पाडणारे आणि वाहणारे मजूर बहुधा गरीब व विस्थापित असतात. नफ्याचा मोठा वाटा इतरांकडे जातो. त्यामुळे त्यांना केवळ गुन्हेगार म्हणून दाखवणारे छायाचित्रण अपुरे ठरते.

नंतरचा काळ

विरुंगातील हिंसाचार थांबला नाही. एप्रिल २०१४ मध्ये द मेरोद यांच्यावर गोळीबार झाला, त्यातून ते बचावले. एप्रिल २०२० मधील एका हल्ल्यात १२ वनरक्षक मारले गेले. उद्यानाच्या रक्षणात प्राण गमावलेल्या वनरक्षकांची एकूण संख्या २०० हून अधिक आहे. उद्यानातील तेलशोधाचा वाद आणि वनरक्षकांचे जीवन यांवरील ‘विरुंगा’ हा माहितीपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला ऑस्कर नामांकन मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये संबंधित ब्रिटिश कंपनीने उद्यानातील काम थांबवण्याचे मान्य केले.

२००७ मध्ये अनाथ झालेल्या न्दाकासी आणि न्देझे या पिल्लांना वनरक्षकांनी वाढवले. त्यांच्यासाठी रुमांगाबो येथे उभारलेल्या केंद्राला सेन्क्वेक्वेचे नाव देण्यात आले. एप्रिल २०१९ मध्ये एका वनरक्षकाने या दोघींसोबत काढलेला सेल्फी जगभर पसरला. न्दाकासीचा मृत्यू २६ सप्टेंबर २०२१ रोजी दीर्घ आजाराने झाला.

स्टर्टन यांनी पुढेही वन्यजीवांचा अवैध व्यापार हा विषय हाताळला. शिंगे कापून मारलेल्या काळ्या गेंड्याच्या त्यांच्या छायाचित्राला २०१७ चा वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर हा सन्मान मिळाला.