जात्यावरची ओवी

जात्यावर दळताना श्रम हलके करण्यासाठी आणि मनातले बोलण्यासाठी स्त्रियांनी गायिलेले मौखिक पद्य. कांडताना ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीकेसाठी ओवीच निवडली (पहा : ज्ञानेश्वरी), मात्र ती ग्रंथातली ओवी. जात्यावरची गेय ओवी तिच्याहून बरीच सैल.

पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा धरत. एकीने काढलेली ओळ दुसरी उचले. लय जात्याच्या फेऱ्यांवर ठरे. माहेर, भाऊ, विठ्ठल हे नेहमीचे विषय. पण सासुरवास, नवऱ्याचा जाच अशा चारचौघांत न बोलायच्या गोष्टीही घरघरीच्या आडोशाने मोकळेपणी गायिल्या जात, आणि ओवीचे खरे बळ तेथेच आहे. संगीतोपचारात (पहा : संगीतोपचार) उपचारक असतो, येथे गाणारीच आपला भार उतरवते.

पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते मागे पडले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या असून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रकाशित करते.