लेखा आणि लेखापरीक्षण यांचे विभाजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शासनाच्या पैशाचा हिशेब ठेवणारा आणि तो तपासणारा वेगवेगळा असावा, हे वित्तीय प्रशासनाचे मूलभूत तत्त्व मानले जाते. भारतात मात्र ते केंद्रीय पातळीवर रुजण्यास शतकाहून अधिक काळ लागला. राज्यांच्या पातळीवर ते आजही अपूर्ण आहे.

ऐतिहासिक वाटचाल :
१८५७ च्या उठावानंतर विस्कटलेली आर्थिक घडी बसविण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये ब्रिटिश भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला. त्याच वर्षी एडवर्ड ड्रमंड यांनी महालेखापरीक्षकपदाची सूत्रे घेतली. लेखांकन व तपासणी ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेकडे राहिली. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी या पदाचे स्वातंत्र्य वाढविले, परंतु कामांचा संयोग कायम ठेवला. संविधानाच्या कलम १४८ ते १५१ नंतरही बव्हंशी तीच व्यवस्था चालू राहिली.

१९७६ मध्ये केंद्र शासनाचे लेखे मंत्रालयांकडे सोपविण्यात आले. महालेखा नियंत्रक हे पद व भारतीय नागरी लेखा सेवा ही त्याचीच फलिते होत. मंत्रालयाचा सचिव हा मुख्य लेखा प्राधिकारी ठरल्याने खर्च करणाऱ्यावरच हिशेबाची जबाबदारी आली.

राज्यांत १९८४ मध्ये केवळ कर्मचाऱ्यांचे विभाजन झाले. लेखा व हक्कदारी आणि लेखापरीक्षण ही कार्यालये वेगळी झाली, तरी दोन्ही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्याच अधीन राहिली. महाराष्ट्रातील कोषागारांचे हिशेब मुंबई व नागपूर येथील महालेखापाल कार्यालयांत संकलित होतात. गोवा हा ठळक अपवाद असून तेथे राज्याचेच लेखा संचालनालय हे काम करते.

अध्यापनाचा प्रश्न :
या व्यवस्थेचे समर्थनही करता येते. खर्च करणाऱ्या शासनाबाहेरील यंत्रणेने लेखे संकलित केल्यास विधिमंडळाचा त्यांवरील विश्वास वाढतो आणि राज्याराज्यांत एकरूपता राहते. परंतु वर्गीकरणातील चुकीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न उरतोच. अध्यापन केवळ कलमे व लोकलेखा समितीपुरते राहिल्यास महालेखापरीक्षक निव्वळ तपासनीस म्हणून समोर येतात आणि हा प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही.

समारोप :
कोषागारातील प्रमाणकाचा विधिमंडळापर्यंतचा प्रवास शिकविला, तर विभाजनाचे तत्त्व आणि त्याची अपूर्णता दोन्ही स्पष्ट होतील. लेखांकनातील सुधारणा हा अंतिमतः उत्तरदायित्वाच्या वाटणीचाच प्रश्न आहे.