सुक्या बोंबलाचं माहेर

पावसाची झड लागली, भाजीपाला महागला की आपल्याला पुसदच्या बाजारातला सुका बोंबील आठवतो. भाजताना वास गल्लीभर जातो, पण भाकरी एक जास्तच खपते. हा बोंबील आपल्या पूस नदीचा नव्हे. आपलं पाणी पैनगंगेतून, पुढे गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं. बोंबलाचं माहेर पश्चिमेला, मुंबईच्या समुद्रात.

मुंबई म्हणजे आधी सात बेटं. मधल्या खाड्यांत भरतीचं पाणी शिरायचं. इंग्रजांच्या काळात, १७८४ च्या सुमारास वरळीची खाडी बांध घालून अडवली, मग भराव पडत गेला आणि बेटं जोडली गेली. कोळी लोक त्याआधीपासूनचे. मुंबादेवी त्यांचीच. त्यांचं डोल जाळं पाण्यात एका जागी बांधलेलं असतं, वाहत्या पाण्याबरोबर बोंबील आपणहून आत येतो. मग बाया जबड्यात जबडा अडकवून तो बांबूवर वाळत घालतात. पुरुषानं पकडायचं, बाईनं विकायचं, हिशेबही तिच्याकडेच. आपल्या बचत गटाला हे नवीन वाटू नये.

खाडीकाठच्या चिखलात तिवराची झाडं असतात. त्यांच्या मुळांत कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात. म्हणजे समुद्राची अंगणवाडीच ती! शहर वाढलं तशी तिवरं तुटली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा. पाण्याला जायला वाट उरली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं तिवरतोडीवर बंदी आणली.

एवढ्या गर्दीतही जीव टिकून आहेत. ठाण्याच्या खाडीत हजारो गुलाबी रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तिथे त्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा मिळाला. वर्सोव्याचा किनारा लोकांनी कचरा उचलून साफ केला आणि २०१८ साली तिथे कासवाची पिल्लं वाळूतून निघून पाण्याकडे धावली.

कोळणी मात्र सांगतात, काठाजवळ मासळी उरली नाही, होड्या लांब न्याव्या लागतात. जून-जुलैत माशांच्या विणीसाठी यांत्रिक होड्यांना बंदी असते. म्हणून आज आपल्या तव्यावरचा बोंबील उन्हाळ्याआधीचा, कुण्या कोळणीनं उन्हात वाळवून ठेवलेला.